पिशवी बांधायच्या आधी: समस्त आवरकर मंडळींना खुलं पत्र

समस्त आवरकर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, इकडेतिकडे बघू नका. प्रत्येक घरात एक असतो किंवा असते, ज्याला भरलेला माळा बघवत नाही. घरातलं कोणी म्हातारं माणूस गेलं, घर बदलायचं ठरलं, किंवा नुसती एक दुपार मोकळी मिळाली तरी पुरतं, लगेच तुम्ही बाह्या सरसावून स्टुलावर. एक ढीग ठेवायचा, एक ढीग देऊन टाकायचा, एक फेकायचा, आणि तिसरा ढीग कायम सगळ्यात उंच. हातात ती मोठी काळी पिशवी. तोंडात एकच वाक्य, "हे कशाला ठेवलंय एवढं?"

भांडायला नाही आले. खरं सांगायचं तर तुमच्यावाचून घरं चालली नसती, बाकीचे आम्ही सगळे "राहू दे ना गं" म्हणणारे आणि मग खोलीतून निघून जाणारे. धूळ तुमच्या नाकात जाते, कंबर तुमची धरते. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे ती आता बोलून टाकते. लोक उगाच काळाला नावं ठेवतात, काळाने सगळं पुसलं वगैरे. आमच्या घरचं मी पाहिलंय, वाळवीने जेवढं खाल्लं नाही, ओलीने जेवढं खाल्लं नाही, तेवढं एका दुपारच्या आवराआवरीने खाल्लं.

आजी गेली त्यानंतर महिनाभरात तिची ट्रंक निघाली. त्यात पत्रांचे दोन गठ्ठे होते, जुन्या परकराच्या नाडीने बांधलेले. आजोबा बरीच वर्षं नोकरीपायी लांब राहिले, तिथून आजीला लिहिलेली ती पत्रं. घरातल्या एका काकांनी (नाव घेत नाही, ते हे वाचतीलच) गाठ सोडून त्यातली दहाबारा वाचली. नीट वाचली हं, एकदम फेकून दिली असं नाही. आणि मग म्हणाले, सगळ्यात तेच तेच आहे, तब्येत बरी आहे, पैसे पोचले का, धाकट्याचा खोकला गेला का, इकडे पाऊस नाही. गेली पिशवीत. मला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मी रडारड केली तर काका खरंच गोंधळले, "अगं पण त्यात काही नव्हतं."

त्यात काही नव्हतं. हे वाक्य तुम्ही सगळेच म्हणता आणि मनापासून म्हणता. आपल्या डोक्यात असं बसलंय की जपायचं म्हणजे काहीतरी मोठं पाहिजे, सही पाहिजे, शिक्का पाहिजे, तुरुंगवास पाहिजे, निदान पेपरात नाव तरी. खोकला गेला का हे काय जपायचं?

तर एक गंमत सांगते. इजिप्तमध्ये जुन्या कैरोत, फुस्तात म्हणतात त्या भागात, एक ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, बेन एझ्रा नावाचं. त्या लोकांचा नियम असा की देवाचं नाव लिहिलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही. मग पुढे पुढे कुठल्या कागदात देवाचं नाव आहे आणि कुठल्यात नाही हे बघायचाच कंटाळा आला असावा, हिब्रू अक्षरांत लिहिलेला जो काय कागद असेल तो सगळा त्यांनी एका बंद खोलीत टाकायला सुरुवात केली. पत्रं, पावत्या, सामानाच्या याद्या, लग्नाचे करार, लहान पोराने गिरवलेली मुळाक्षरं, सगळं. शेकडो वर्षं. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा न आवरलेला माळा म्हणा ना. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर नावाचा अभ्यासक तिथे पोचला आणि त्यातले जवळपास १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन गेला. पुढे गोइताइन नावाच्या इतिहासकाराने आयुष्याचा मोठा भाग याच कागदांवर घालवला, आणि मध्ययुगातल्या साध्या माणसांचं रोजचं जगणं कसं होतं हे जे आज आपल्याला माहीत आहे त्यातलं कितीतरी या असल्या "काही नसलेल्या" कागदांतून आलंय.

त्यात एक अब्राहम बेन यीजू नावाचा व्यापारी सापडतो. मूळचा ट्युनिशियाचा, ११३२ च्या सुमारास समुद्र ओलांडून आपल्या मलबार किनाऱ्यावर आला आणि जवळजवळ १७ वर्षं राहिला, इथे त्याचा काशाची भांडी करायचा कारखाना होता. तो काही राजा नव्हता की सेनापती नव्हता. त्याला एडनचे व्यापारी मालाबरोबर भेट म्हणून कोरे कागद पाठवायचे, कारण इथे त्याला चांगला कागद मिळेना, आणि हा यीजूही असा चिक्कू की आलेल्या पत्रावर जागा उरली तर त्यावरच आपलं काहीबाही लिहायचा. ११४९ मध्ये परत गेल्यावर त्याने भावांचा ठावठिकाणा काढायला पत्रं लिहिली, तिकडे सिसिलीच्या नॉर्मन राजाच्या स्वाऱ्यांत त्याचं घरदार विखुरलं होतं ना. भाऊ कुठे आहेत, जिवंत आहेत का. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाची ही काळजी आज वाचता येते कारण तिथे तुमच्यासारखं कोणी नव्हतं. (रागावू नका.)

बरं तुमचे पूर्वजही सापडलेत बरं का. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा म्हणून रोमन छावणी होती. इ.स. १०५ च्या आसपास तिथली एक तुकडी हलली तेव्हा निघताना कोणीतरी जुनी कागदपत्रं, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं, ढीग करून पेटवली. टिपिकल. पण ती नीट जळली नाहीत, पाऊस आला असावा म्हणतात, आणि खालच्या ओल्या मातीने ती राखून ठेवली. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली उत्खनन करत होते तेव्हा पहिल्या पट्ट्या हाताला लागल्या. काय निघालं त्यात? एका अधिकाऱ्याच्या बायकोने दुसरीला लिहिलेलं वाढदिवसाचं आमंत्रण, नक्की ये हं, तू आलीस तर दिवस छान जाईल, आणि शेवटच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. बाईच्या हाताने लिहिलेलं लॅटिन म्हणून जे अगदी जुनं सापडलंय त्यात त्या ओळी मोजतात. आणि एकात लिहिलंय की तुला मोजे, सपातांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्यात. चड्ड्या! रोमन साम्राज्य किती पसरलं होतं हे शाळेत पाठ केलं आणि विसरले, पण सीमेवर थंडीत कुडकुडणाऱ्या त्या पोराला कोणीतरी मोजे पाठवले हे काही मी आता विसरणार नाही.

आता तुम्ही म्हणाल तुझ्या आजोबांची पत्रं काय केंब्रिजला जाणार होती का. नव्हती. मला ती इतिहासकारांसाठी नकोच होती. मला आजोबा म्हणजे एक कडक माणूस एवढंच सांगितलेलं, समोर कोणी हसायचं नाही, आवाज चढवायचा नाही. त्या माणसाने दर पत्रात धाकट्याचा खोकला विचारला. काका म्हणाले ना, सगळ्यात तेच तेच आहे. अहो मग तेच तर होतं!

पत्रांचं झालं. आता फोटो. फोटो तुम्ही सहसा फेकत नाही, तेवढी मर्यादा पाळता, उपकार आहेत. पण फोटो राहून माणूस जातो त्याचं काय करायचं. माझ्याकडे एक फोटो आहे, तळहाताएवढा, काळापांढरा, कडा कातरकाम केल्यासारख्या. अकरा बायका पायऱ्यांवर बसल्यात. कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, दोघी डोळ्यांवर आडवा हात धरून, एक मागच्या ओळीत काहीतरी बोलतेय म्हणून तिचं तोंड पुसट आलंय. मागे पेन्सिलने लिहिलंय, "डावीकडून तिसरी मी. ऊन फार होतं."

बास. एवढंच. ही "मी" कोण ते घरात आता कोणालाच माहीत नाही. आजीचं अक्षर नाही ते. आत्या म्हणते तिची मावशी असेल, काका म्हणतात छे, ती उंच होती. लिहिणारीने किती विचार करून लिहिलंय बघा, नंबरसुद्धा दिलाय, उन्हाची तक्रार केलीय, फक्त नाव लिहायचं राहिलं, कारण ज्याला दाखवायचा तो तिला ओळखतच होता ना. हीच चूक आपण सगळे करतो. फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि एकाच्याही मागे काही लिहिलेलं नाही, मागेच नाही मुळात.

यान आस्मान म्हणून एक जर्मन अभ्यासक होता, त्याने याचा हिशेब मांडलाय. तोंडी सांगून पुढे जाणारी आठवण साधारण ८० ते १०० वर्षं टिकते, म्हणजे तीनचार पिढ्या. त्यानंतर जे कुठेतरी लिहून ठेवलंय, बांधलंय किंवा कोरलंय तेवढंच उरतं. फोटोतल्या बाईची मुदत आमच्या घरात बहुतेक मोठ्या काकूंपाशी संपते, त्यांनी ओळखलं तर ओळखलं.

आणि मुदत कशी हुकते त्याचा नमुना बघायचा तर शिकागोतली व्हिव्हियन मायर. बाई पोरं सांभाळायचं काम करायची आणि रस्त्यावर फोटो काढत फिरायची, लाखाच्या वर निगेटिव्ह, त्यातले कित्येक रोल तिने धुवूनही घेतले नव्हते. सामान ठेवायला जागा भाड्याने घेतलेली, भाडं थकलं, २००७ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. खोकी घेणाऱ्यांपैकी एकाला हळूहळू कळलं की आपल्या हाताला काय लागलंय. त्याने २००९ मध्ये तिचं नाव इंटरनेटवर शोधलं तर समोर आली तिच्या निधनाची सूचना, काहीच दिवसांपूर्वीची. खोकी हातात असताना ती बाई त्याच शहरात दीडेक वर्ष जिवंत होती. फोटो सगळे वाचले, एकाबद्दलही तिला विचारता आलं नाही.

म्हणून पहिली विनंती अगदी साधी, फोटोवर नावं लिहा. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलने, खाली पुठ्ठा धरून हलक्या हाताने. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे चेहऱ्यावर वळ उठतात. नंतरच्या काळातल्या गुळगुळीत रंगीत फोटोंच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तर ते एकेका कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा, आधी लिहा आणि मग फोटो आत. पूर्ण नाव लिहा, नुसतं "आई" लिहू नका, पन्नास वर्षांनी कोणाची आई? सेलोटेप कशालाच लावू नका, ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. आणि प्रेमापोटी लॅमिनेशन करून आणणारे जे आहेत त्यांना तर हात जोडते, एकदा ते गरम प्लास्टिक चिकटलं की परत काढता येत नाही, कागद त्याच्या आत हळूहळू म्हातारा होत राहतो आणि आपण बाहेरून बघत बसतो. चिकट पानांचे ते अल्बम, पारदर्शक कागद उचलून फोटो दाबायचा ते, त्यातले फोटो ओढून काढायच्या आधी अख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवा. निघाले तर निघाले, फाटले तर निदान प्रत आहे. रंगीत फोटोंची जरा घाई करा कारण त्यांचे रंग बंद अंधाऱ्या पेटीतसुद्धा उडतात, जुने काळेपांढरे चिवट असतात. आणि स्कॅन केलेलं फॅमिली ग्रुपवर टाकलं की झालं असं समजू नका, तिथे फोटो दाबून लहान होऊन जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल दोनतीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक तरी दुसऱ्याच्या घरी.

आवाजाचं दुखणं वेगळं आहे. फिलिप्सने ती छोटी कॅसेट काढली १९६३ मध्ये, आमच्या घरात आली त्याच्या बऱ्याच नंतर, आणि आल्या आल्या कोणीतरी आजोबांना बोलायला लावलं होतं म्हणे, चांगली अर्धी बाजू भरून. नंतर त्याच कॅसेटवर कोणीतरी गाणी भरली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे असायचे आठवतंय? ते मोडून टाकले की त्यावर परत रेकॉर्ड होत नसे. नखाने मोडायचं काम, दोन सेकंदांचं. कोणी मोडले नाहीत. आता त्या कॅसेटवर गाणी संपल्यावर खरखर येते आणि मग गाण्यांच्या भरतीतून सुटलेला एक तुकडा, कोणीतरी खोकतं, खुर्ची सरकते आणि आजोबा विचारतात, "चालू झालं का?" मग फट्कन बंद. आजोबांचा माझ्याकडे असलेला एकूण आवाज तो तेवढा. तीन शब्द.

आणि जपून ठेवलेल्या कॅसेटही काही सुरक्षित नाहीत हं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं, की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही ते बहुतेक गेलंच समजा. म्हणजे आता तुम्हीच हिशेब करा. टेप खराब होते हे एक, पण खरी गोची वाजवायच्या मशीनची आहे, मशीन मिळत नाही, मिळालं तर पार्ट मिळत नाही, पार्ट मिळाला तर दुरुस्त करणारा मिळत नाही. घरगुती समारंभांच्या त्या जाड व्हिडिओ कॅसेटींचं तेच, त्यांचे व्हीसीआर बनवणारी बहुधा शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. तेव्हा घरात चालू टेपरेकॉर्डर असेल तर कृपा करून त्याला "जुनाट डबा" म्हणून पहिल्या पिशवीत घालू नका. आधी कॅसेटी, मग डबा. हा क्रम चुकला की संपलं.

आता माझं पाप. एवढं सगळं तुम्हाला ऐकवतेय तर हेही सांगायला पाहिजे. आजी शेवटची दोनतीन वर्षं मला व्हॉइस मेसेज पाठवायची, टाइप करता यायचं नाही म्हणून. "अगं फोन का उचलत नाहीस", "आज काय केलंस", एकदा तर पूर्ण मिनिटभर नुसता पंख्याचा आवाज, बटण सोडायचं राहिलं होतं. एक दिवस फोन म्हणाला स्टोरेज फुल. मी रांगेत उभी होते कुठेतरी, घाई होती, यादी उघडली, सगळ्यात जड काय ते बघितलं, सिलेक्ट ऑल, डिलीट. काकांनी निदान दहाबारा पत्रं वाचली तरी होती. मी एकही ऐकला नाही.

त्यामुळे आवरकरांनो, तुमच्यात मीही आलेच. आणि आता तर आपल्यासाठी कंपन्यासुद्धा आवरतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, मायस्पेस नावाच्या तशाच साइटने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी १२ वर्षांत चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ उडाले. गुगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढायला सुरुवात केलीय, म्हणजे माणूस गेला, पासवर्ड कोणाला माहीत नाही, दोन वर्षं दुःखात आणि धावपळीत गेली, की फोटोंसकट सगळं साफ होऊ शकतं. पिशवीसुद्धा दिसत नाही. गुगलच्या सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून आहे, ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आहे, आपल्यामागे खातं कोणाच्या हातात द्यायचं ते तिथे आधीच सांगून ठेवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आईबाबांच्या फोनमध्ये त्यांच्यासमोर बसून करा, विषय जरा अवघड निघतो पण निघू दे.

हे सगळं लिहितेय ते तुम्ही आवरणं सोडा म्हणून नाही. उलट आहे. माझी खरी मागणी अशी की आवरा, पण माणूस असताना आवरा, त्याला शेजारी खुर्चीवर बसवून आवरा. स्वीडनमध्ये याला सरळ शब्दच आहे, डोस्टॅडनिंग, मरणाआधीची साफसफाई, ज्याचं सामान त्यानेच वेळेत आवरायचं. ऐकायला कसंतरी वाटतं, मलाही वाटलं. पण गेल्या वर्षी आत्याचं कपाट असंच आवरलं आणि तेव्हापासून मी या पंथात आहे.

झालं असं की खालच्या खणात एक डबा निघाला, बटणं, सेफ्टी पिना, एक तुटका चष्मा, आणि एक किल्ली. पितळेची, लहानशी, दोरा बांधलेली. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून शेजारी ठेवला होता, आत्याला सांगून, लपवून नाही. विचारलं, ही कशाची? आत्या म्हणाली, टाक. मी म्हटलं टाकते, पण कशाची ते सांग. तिने किल्ली हातात घेतली, दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाली, हॉस्टेलच्या कपाटाची. कुठलं हॉस्टेल? तर आत्या लग्नाआधी एक वर्ष शिकायला बाहेरगावी राहिली होती. एक वर्ष झालं आणि घरून बोलावणं आलं, परत गेलीच नाही, किल्ली द्यायची राहून गेली. तिच्या स्वतःच्या मुलांना हे माहीत नव्हतं. त्या खोलीत किती मुली, कोण रात्री रडायची, खिडकीतून काय दिसायचं, बाईंना काय नाव ठेवलं होतं, एकदा कुंपणावरून उडी मारताना गुडघा कसा फुटला, चाळीस मिनिटं ती बोलत होती आणि मी काही हुशार प्रश्न विचारले नाहीत, फक्त मग? मग? एवढंच.

"आत्या, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" असं मी तिला आधी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं, काय सांगायचं, शिकले, लग्न झालं, तुम्ही झालात. किल्लीने जे उघडलं ते त्या प्रश्नाने उघडलं नसतं. वस्तू हातात असली की माणूस बोलतो. वस्तू नसेल तर जागा विचारा, त्या घरात शिरल्यावर उजव्या हाताला काय होतं, तुम्ही कुठे झोपायचात, दिवा कुठे असायचा. आणि साधारण दहा ते तीस वयातलं विचारा, म्हाताऱ्या माणसांना त्या वर्षांतलं बाकी आयुष्यापेक्षा जास्त आठवतं हे मानसशास्त्रवाले पुन्हापुन्हा मोजून सांगतात. फार लांबवू नका. अमेरिकेत २००३ पासून स्टोरीकोअर म्हणून उपक्रम चालतो, ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसवून बोलायला लावतात आणि ते रेकॉर्डिंग जपतात, त्यांनी वेळ ठेवलाय ४० मिनिटं. आत्याचंही तेवढ्यातच संपलं, नंतर ती म्हणाली आता पाठ दुखतेय.

आणि हो, बोलताना मध्ये टोकू नका. "अगं तेव्हा तर दादा जन्मलाच नव्हता" असं कोणीतरी म्हणतंच, आणि सांगणारा मिटतो तो मिटतोच. आठवण काही फोटोकॉपी नसते हे मान्य. बार्टलेट म्हणून केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ, त्याने १९३२ मध्ये छापलेले प्रयोग आहेत, इंग्लिश विद्यार्थ्यांना लांबच्या मुलखातली एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने परत परत सांगायला लावली, तर त्यांच्या सांगण्यात डोंगीची होडी झाली, सीलची शिकार होती तिथे मासेमारी आली, भुतं तर हळूहळू गळूनच गेली. आपल्या ओळखीचं जे नाही ते आपण ओळखीचं करून टाकतो. आमच्याकडे आजोबांनी घर का सोडलं याच्या दोन गोष्टी आहेत, काकांची वेगळी आणि आत्याची वेगळी, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडतात. मी दोन्ही रेकॉर्ड केल्यात, तारखेसकट. कुठली खरी ते ठरवायला मी कोण? आणि दोघांनी काय काय गाळलं त्यावरून मला त्या दोघांबद्दलच जास्त कळलं हे वेगळंच.

सगळंच ठेवायचं का? नाही हो. जुनी बिलं टाका, मॅन्युअलं टाका, एकाच फोटोच्या सहा प्रती असतील तर पाच वाटून टाका. आणि काही गोष्टी ज्याच्या त्याने टाकायच्या असतात. त्याच दिवशी त्याच कपाटात आत्याला एक पत्र सापडलं, तिने उघडून वाचलं, माझ्याकडे न बघता चार तुकडे केले आणि स्वतःच्या हाताने पिशवीत टाकले. मी विचारलं नाही. तिचं होतं, तिने आवरलं. दुसऱ्या कोणी नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

तर आता मुद्द्याचं. आमच्या जुन्या घरी माळ्यावर डाव्या कोपऱ्यात निळी पत्र्याची पेटी आहे, ती गेल्या वेळी हाताला लागली नव्हती म्हणून वाचली. काकांनी परवा ग्रुपवर टाकलंय की या शनिवारी माळा मोकळा करतोय. काका, मी येतेय. पेन्सिल, पाकिटं, चार्जर सगळं घेऊन येतेय आणि मोठ्या काकूंनाही गाडीत घालून आणतेय, तो पायऱ्यांवरचा फोटो त्यांनी अजून बघितलेला नाही, डावीकडून तिसरीला त्यांनी ओळखलं तर ओळखलं. खाली एक पाठीला टेकायची खुर्ची ठेवा त्यांच्यासाठी. तोवर पेटीची कडी काढू नका. पिशव्या आणून ठेवल्या असतील तर राहू द्या, लागतील.

तुमच्याच घरातली,
फेकायच्या ढिगातून वस्तू परत उचलणारी